पानात काय नको ते सांगा, पंगतीत मात्र बसा

वाराणसीला जायचं ठरलं की आपण याद्या करायला लागतो. कोणते घाट, गंगा आरती कुठून बघायची, सारनाथला कधी जायचं. खाण्याची यादी तर वेगळीच असते: कचौरी-जलेबी, टमाटर चाट, लस्सी, मलइयो, शेवटी पान. पण निघण्यापूर्वी आणखी एक यादी करा. तुमच्यापैकी कोण काय खात नाही, आणि का?

सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही, शिवाय सोमवारचा उपास. सासऱ्यांची साखर वाढलेली. पुतणीला गहू वर्ज्य, डॉक्टरांनीच सांगितलेला. धाकट्याला वरण-भात आणि बटाटा सोडून तिसरं काही पानात दिसलं तरी चालत नाही. तुमच्या घरात माणसं वेगळी असतील, यादी मात्र साधारण अशीच असेल.

हॉटेलात याचं फारसं अडत नाही. ज्याला जे हवं ते तो मागवतो. अडचण येते ती कोणी प्रेमानं घरी बोलावलं की. आणि काशीत कोणीतरी बोलावतंच. मुलाचा कॉलेजमधला मित्र, होम-स्टेच्या मालकीणबाई, ऑफिसातला जुना सहकारी, नाताळात चर्च पाहायला गेलात तर तिथं ओळख झालेलं एखादं कुटुंब. समोर भरलेलं ताट येतं, यजमान आग्रह करतात आणि तुमच्या डोक्यात दोन विचार भांडायला लागतात. खाल्लं तर त्रास होईल. नाही म्हटलं तर यांना वाईट वाटेल.

या दोघांमधली वाट कशी काढायची? गंमत म्हणजे हा प्रश्न काशीला नवा नाही, आपल्या मराठी माणसांनाही नाही.

नेमांचं शहर

काशीत अन्नाची देवीच राहते. विश्वनाथाच्या मंदिराजवळ अन्नपूर्णेचं मंदिर आहे. प्रत्यक्ष शंकर तिच्यापुढे भिक्षेचं पात्र घेऊन उभा राहिला, अशी कथा इथं घरोघरी सांगतात. देवीची सोन्याची मूर्ती वर्षातून मोजकेच दिवस, धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत दर्शनाला खुली असते. मंदिराच्या अन्नक्षेत्रात येणाऱ्याला मोफत जेवण मिळतं.

अन्न देण्यात असं उदार असलेलं हे शहर खाण्याच्या नेमांतही तितकंच पक्कं आहे. मंदिरांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही. भेलूपूर हे तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांचं जन्मस्थान, त्यामुळे जैन यात्रेकरू येतात ते कंदमुळं वर्ज्य करून. मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या मोहल्ल्यात रमजानचे रोजे असतात. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांचं सोवळंओवळं वेगळं. आणि काशीवास करायला आलेल्या विधवांवर समाजानं लादलेले नेम सगळ्यांत कडक होते. एकभुक्त राहायचं, चमचमीत काही खायचं नाही, चवीची इच्छासुद्धा धरायची नाही.

म्हणजे या शहरात ‘मी हे खात नाही’ म्हणणारे तुम्ही पहिले नाही. असं म्हटल्यानं कोणी चकितही होणार नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या देशात ‘मी हे खात नाही’ आणि ‘मी तुमच्याकडे खात नाही’ ही दोन वाक्यं फार काळ एकमेकांत मिसळून गेली होती. पहिलं वाक्य पोटाचं किंवा श्रद्धेचं असतं. दुसरं समोरच्या माणसाला खाली ढकलतं. ऐकणाऱ्याच्या कानांना त्यांतला फरक दर वेळी कळतोच असं नाही.

एक कप चहा आणि काशीचं प्रायश्चित्त

हा फरक किती महागात पडू शकतो, ते पुण्यातल्या एका चहापानानं दाखवलं. ऑक्टोबर १८९० ची गोष्ट. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक आणि शहरातली इतर नामवंत मंडळी तिथं गेली होती. व्याख्यानानंतर मिशनच्या लोकांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. काहींनी चहा घेतला. काहींनी कप नुसता हातात घेऊन मान राखला.

मग डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी तिथं हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली. ख्रिस्ती माणसांच्या हातचा चहा! सनातनी मंडळी खवळली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि १८९२ मध्ये त्याची रीतसर चौकशी झाली. टिळकांनी सांगितलं की, आपण काशीला प्रायश्चित्त घेतलेलं आहे. रानड्यांनी पुढे पुण्यात प्रायश्चित्त घेतलं. चहात पाप आहे असं त्यांना वाटत होतं म्हणून नव्हे, तर आपल्यामुळे अडचणीत आलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० साली निघालेल्या पुस्तकात ही हकिकत लिहून ठेवली आहे.

आज आपल्याला हसू येतं. पण त्या दिवशी चहा देणाऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुम्ही पाहुण्यांना चहा दिलात. आणि तो घेतला म्हणून त्यांना दोन वर्षं शुद्धीकरणाच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या. त्या कपात साखर जास्त आहे का, दूध पचेल का, असा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. प्रश्न फक्त देणाऱ्या हाताचा होता.

म्हणून आज काशीत कोणाच्या घरी तुम्ही ताट बाजूला सारता, तेव्हा तुमच्या मनात फक्त साखरेचा रिपोर्ट असतो. समोरच्याच्या मनात मात्र त्याच्या आजीनं सांगितलेली एखादी आठवण जागी होऊ शकते. उत्तर भारतातल्या ख्रिस्ती समाजात दलित घरांतून आलेली माणसं बरीच आहेत. ‘नको, आम्ही बाहेर खाऊन आलोय’ हे वाक्य त्यांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी अनेकदा ऐकलेलं असतं, आणि त्याचा खरा अर्थही त्यांना ठाऊक असतो.

सारनाथला जाल तेव्हा

शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर सारनाथ आहे. बहुतेक जण थेट धमेक स्तूपाकडे जातात. तुम्ही वाटेतल्या चौखंडी स्तूपापाशी थोडं थांबा आणि मुलांना ही गोष्ट सांगा. बुद्धांना त्यांचे पाच जुने सोबती पुन्हा भेटले ती ही जागा, असं मानतात.

हे पाच जण त्यांना सोडून का गेले होते? कारण अन्नच! सगळ्यांनी मिळून कठोर उपास चालवले होते. गौतमाचं शरीर पार खंगलं. शेवटी त्यांनी अन्न घ्यायचं ठरवलं. सुजातेनं दिलेली खीर खाल्ली. सोबत्यांना वाटलं, हा ढिला पडला, आता याच्यात राम नाही. ते निघून गेले. ज्ञान मिळाल्यावर बुद्ध त्याच पाच जणांना शोधत इथवर आले. शरीराला छळणं नको आणि जिभेचे लाड पुरवणंही नको, असा मधला मार्ग त्यांनी पहिल्यांदा सांगितला तो याच माणसांना.

भिक्षूंचा नियमही पाहण्यासारखा आहे. भिक्षापात्रात जे पडेल ते खायचं, निवड करायची नाही. आजारी भिक्षूला मात्र सवलत होती. त्याला औषध म्हणून तूप, लोणी, तेल, मध, गूळ घेता येई. म्हणजे आवडीनिवडीला जागा नाही, पण गरजेला आहे. आपल्याला हवी असलेली वाट इथं अडीच हजार वर्षांपूर्वीच आखून ठेवली आहे.

कँटोन्मेंटमधलं चर्च

वाराणसीच्या कँटोन्मेंट भागात सेंट मेरीज कॅथेड्रल आहे. नाताळात गेलात तर गर्दी बघून थक्क व्हाल. गव्हाणीचा देखावा बघायला येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेली माणसंच जास्त असतात. बाहेर जत्राच भरते. फुगे, चाट, मेणबत्त्या, मुलांचा गोंगाट. आपल्याकडे वसईत किंवा अहिल्यानगरला नाताळात करंज्या-चकल्यांची ताटं शेजारी जातात, तशीच इथंही घरं उघडी असतात. ओळख असेल तर केक, नमकीन आणि चहा पुढे येतोच.

एकत्र जेवणं हा ख्रिस्ती उपासनेचा गाभाच आहे. येशू कोणाबरोबर जेवतो यावरून त्याच्यावर टीका झाली होती, आणि पहिल्या मंडळ्या एकत्र जेवणासाठी जमत. पण तिथंही सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं नाही. करिंथ शहरात ज्यांच्याकडे भरपूर होतं ते आधी येऊन आपलं आपलं खाऊन घेत. मागून येणारे गरीब उपाशी राहत. पौलानं त्यांना त्यावरून चांगलंच खडसावलं. रोममध्ये वेगळाच वाद होता. काही जण सगळं खात, काही जण फक्त भाज्या. पौलाचा सल्ला दोन्ही बाजूंना होता. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. आपल्या खाण्यानं भावाचं मन दुखावत असेल, तर तेवढं सोडायची तयारी ठेवावी.

ऐकायला सोपं, पण घडायला अवघड. त्याचं मराठी उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींच्या ज्या संघानं त्यांना आसरा दिला, त्याच संघाच्या जोगिणी पुण्यात पंचहौद मिशनमध्येही काम करत. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण शाकाहारी राहिल्या. त्यांना आईसारखं जपणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना हे खटकलं. जातीचा जुना अभिमान अजून गेला नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. रमाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. श्रद्धेआड न येणाऱ्या वाडवडिलांच्या रीती आपण शक्य तितक्या पाळणार, त्यासाठी इंग्रजांसारखं व्हायची गरज नाही. दोघींमध्ये यावर पत्रांतून बरीच चर्चा झाली. दोघी एकमेकींवर माया करत होत्या, तरीही ताटावरून गैरसमज झालाच.

पुढे काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. स्वतः ख्रिस्ती असूनही तिथं येणाऱ्या ब्राह्मण मुलींना आपापले खाण्यापिण्याचे नेम पाळता येतील, अशी सोय त्यांनी ठेवली. ज्या बाईच्या आईवडिलांचा दुष्काळात उपासमारीनं अंत झाला, तिनं आश्रयाला आलेल्या मुलींना ‘मिळेल ते खा’ असं सुनावलं नाही. पाहुणा म्हणून जे समजून घेणं आपल्या वाट्याला कमी आलं, ते यजमान झाल्यावर तिनं दुसऱ्यांना दिलं. दानधर्मात अन्नाइतकाच घेणाऱ्याचा मानही मोलाचा असतो, हे त्यांनी करून दाखवलं.

चर्चमधल्या प्रसादाबाबतही असाच विचार झाला आहे. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे मिस्साबलिदानातली भाकरी गव्हाचीच लागते. मग ज्यांना गहू चालत नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी अगदी कमी ग्लुटेनची भाकरी चालते, नाहीतर फक्त द्राक्षारस घेता येतो. २०१७ मध्ये व्हॅटिकननं हे पुन्हा स्पष्ट केलं. वेदीपुढे जर गरजेसाठी सोय होऊ शकते, तर जेवणाच्या टेबलावर का नाही?

गरज, नेम आणि आवड

आता तुमची यादी पुन्हा हातात घ्या. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शब्द लिहा.

गरज: मधुमेह, सिलिअ‍ॅक, शेंगदाण्याची किंवा काजू-बदामाची अ‍ॅलर्जी, किडनीचा आजार. इथं तडजोड नाही. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलीला ‘एक घास खाल्ल्यानं काय होतंय’ म्हणू नका. थोड्याशा गव्हानंही तिच्या आतड्याला इजा होते. अ‍ॅलर्जीत तर जिवावर बेतू शकतं. यजमानाचं मन राखायला कोणी आजार ओढवून घ्यावा, अशी अपेक्षा कोणताही धर्म करत नाही.

नेम: उपास, कांदा-लसूण न खाणं, शाकाहार, जैन आहार, हलाल, लेंटमधला शुक्रवारचा मांसत्याग. हे आपण मनापासून निवडलेलं असतं. त्याचा मान राखा, पण त्याचा भार स्वतः उचला. यजमानाला आधी सांगा, आयत्या वेळी स्वयंपाकघरात गोंधळ घालू नका. आणि एक कसोटी स्वतःला लावा. हाच पदार्थ, असाच बनवलेला, दुसऱ्या घरी असता तर मी खाल्ला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो खाण्याचा नेम नाही. पंचहौदचा तोच जुना कप आहे.

आवड: भोपळा आवडत नाही, चहा आलं घालूनच हवा, पोळी घडीचीच हवी. घरी खुशाल लाड करून घ्या. पाहुणे म्हणून गेल्यावर आवड खिशात ठेवा. दोन घास खाऊन कोणी आजारी पडत नाही.

मुलांच्या बाबतीत घाई करू नका. लहान वयात नव्या पदार्थाची भीती वाटणं अगदी सामान्य आहे. तोच पदार्थ अनेकदा, कधी दहाहून जास्त वेळा समोर आल्यावर मूल तो चाखतं. काही मुलांना पदार्थाचा पोत किंवा वास खरोखर सहन होत नाही; तो हट्ट नसतो, त्यांना त्रासच होत असतो. अशा मुलाला चारचौघांत ‘खातच नाही मेला काही’ म्हणून लाजवू नका. निघण्यापूर्वी हॉटेलवर त्याला पोटभर खायला घाला. यजमानांकडे साधा भात किंवा फळ मागा. आणि ‘छी’ म्हणायचं नाही, एवढा एकच नियम त्याला शिकवा.

बनारसी ताटात कोणाला काय चालेल

साखर वाढलेल्यांसाठी: बनारसी टमाटर चाटवरही बहुतेक ठिकाणी साखरेचा पाक घालतात. ‘बिना चीनी’ आधीच सांगा. जलेबी, लवंगलता, रबडी यांतलं एकच काहीतरी चौघांत वाटून घ्या. सत्तू पिणार असाल तर मीठ-लिंबाचा नमकीन सत्तू घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर दर्शनाच्या रांगेसाठी जेवणाची वेळ चुकवू नका.

गहू वर्ज्य असलेल्यांसाठी: कचौरी, लिट्टी, बाटी, जलेबी या सगळ्यांवर फुली मारा. हिवाळ्यात चूड़ा-मटर, म्हणजे ताज्या मटारचे पोहे हा चांगला पर्याय आहे. डाळ-भात आणि चोखाही चालेल. हिंगाबद्दल मात्र विचारा, बाजारच्या खड्या-पुडीच्या हिंगात अनेकदा मैदा मिसळलेला असतो. नवरात्रात मिळणाऱ्या ‘व्रत की थाली’त कुट्टू किंवा शिंगाड्याचं पीठ असतं, ते चालतं. पण तळणीचं तेल वेगळं आहे का, ते बघा.

उपासवाल्यांसाठी: आपला उपास आणि तिथलं व्रत एक नाही. आपली भगर म्हणजे तिथले ‘समा के चावल’. मीठ सैंधव लागतं. हळद घातलेला बटाटा समोर आला तर गोंधळू नका. ‘फलाहारी’ म्हणजे काय काय, एवढं विचारून घ्या.

दूध न पचणाऱ्यांसाठी: मलइयो हा थंडीतला केशरी दुधाचा फेस, लस्सी आणि रबडी जपून. काहींना दही थोडंफार पचतं, पण प्रयोग प्रवासात नको. चूड़ा-मटरचे पोहे काही ठिकाणी दुधात किंवा सायीत भिजवतात, तेही विचारा.

काजू-बदामाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी: ठंडाई टाळाच. बदामाशिवाय ती होत नाही. आणि सगळ्यांनीच ठंडाई घेताना ‘सादी, बिना भांग की’ असं स्पष्ट सांगा.

‘नाही’ कसं म्हणायचं

पहिली गोष्ट, आदल्या दिवशी फोन करा. ‘भाभी, बिटिया को गेहूं मना है, डॉक्टर ने कहा है। चावल-दाल में वह खुश रहेगी।’ काय नको याबरोबर काय चालेल तेही सांगितलं की यजमानाचं ओझं निम्मं होतं.

दुसरी, खरं कारण द्या. ‘भूक नाही’, ‘आत्ताच खाल्लं’ अशी खोटी कारणं गैरसमज वाढवतात. ‘मुझे शुगर है, मीठा मना है, पर आपके हाथ की दाल दो बार लूंगी’ असं म्हटलं की समोरची व्यक्ती हसते. नकार पदार्थाला आहे, तिला नाही, हे तिला कळतं.

तिसरी, रिकाम्या हातांनी बसू नका. काहीही चालत नसेल तरी त्यांच्या घरचं पाणी घ्या, एखादं फळ घ्या, काळा चहा मागा. या देशात कोणाच्या घरचं पाणी पिणं ही लहान गोष्ट नव्हती आणि अजूनही नाही. पोटाची काळजी असेल तर ‘उबला हुआ पानी मिलेगा?’ असं मोकळेपणानं विचारा. स्वतःचा डबा नेणार असाल तर सगळ्यांसाठी पुरेल एवढं न्या आणि मधे ठेवा. आपली भाकरी-चटणी यजमानांनी चाखली की डबा परका राहत नाही.

चौथी, ताटात येण्यापूर्वी थांबवा. आग्रह करण्यात बनारसी माणसं आपल्यापेक्षा कमी नाहीत. ताटात पडलेलं टाकून देणं कुठल्याही घरी वाईटच दिसतं. वाढण्याआधी हात आडवा धरा आणि ‘बस, इतना ही’ म्हणा.

पाचवी, दुसऱ्याच्या ताटावर भाष्य करू नका. यजमानांकडे मांसाहार असेल आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर नाक मुरडू नका. तुमच्या सोबत कोणी मांसाहारी असेल, तर शाकाहारी घरी त्याची आठवण काढू नका. तुमच्या आजाराची सविस्तर कहाणीही टेबलावर नको. एक वाक्य पुरे, मग गप्पा.

जिथं सगळे एका पंगतीत बसतात

वाराणसीच्या दक्षिण टोकाला सीर गोवर्धनपूर आहे, संत रविदासांचं जन्मस्थान. माघ पौर्णिमेला त्यांच्या जयंतीसाठी पंजाबातून आणि देशविदेशांतून भाविक येतात आणि मोठा लंगर चालतो. ज्या समाजाला पंगतीबाहेर ठेवलं गेलं, त्या समाजातल्या संताच्या गावी येणाऱ्या प्रत्येकाला पंगतीत जागा असते. त्या दिवसांत काशीत असाल तर अवश्य जा. साखर असेल तर खीर नका घेऊ, गहू चालत नसेल तर रोटी नका घेऊ. डाळ-भात असेल तर तो घ्या, किंवा नुसतं पाणी घ्या. पण जमिनीवर बसा, सगळ्यांबरोबर.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. एकनाथांनी आपलं भागवत काशीतच १५७३ मध्ये पूर्ण केलं. आणि याच एकनाथांनी पैठणला श्राद्धाचं अन्न दाराशी आलेल्या भुकेल्या महार कुटुंबाला वाढलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नेम पाळणाऱ्या घरात घडलेली ही गोष्ट आहे. भुकेला माणूस दारात आल्यावर नेम कुठं थांबवायचा, हे त्या घराला कळत होतं.

परत आल्यावर एक काम राहू देऊ नका. काशीतल्या त्या यजमानांना महाराष्ट्रात यायचं आमंत्रण द्या. पुरणपोळीचं पुरण शिजत घालण्यापूर्वी मात्र त्यांना फोन करा आणि विचारा, ‘आपके यहां किसी को कुछ मना तो नहीं?’